काठी लोळवायची नाही

आमच्या क्लबात टेबलांच्या खोलीत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक पाटी दिसायची: 'काठी टेबलावर लोळवू नये.' अक्षर माझं, हुकूम त्रिंबकरावांचा. सदतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून मी निवृत्त झालो आणि गुडघे शाबूत आहेत तोवर काहीतरी खेळावं म्हणून तिथं जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात त्रिंबकरावांनी माझ्यासमोर पत्र्याचा तुकडा आणि रंगाची डबी ठेवली. म्हणाले, "सर, तुमचं अक्षर चांगलं असंल. एवढं लिहून द्या. सांगून कुणी ऐकत नाय."

काठी म्हणजे क्यू. स्नूकर खेळा नाहीतर पूल, चेंडू जिच्या टोकानं मारायचा ती पुढे निमुळती होत गेलेली लाकडी काठी. सगळे तिला स्टिक म्हणतात, त्रिंबकराव मात्र कायम काठीच म्हणायचे. ते आमचे मार्कर. टेबलाचं हिरवं कापड ब्रशनं झाडायचं, चेंडू मांडायचे, गुण लिहायचे, काठीच्या टोकाचं झिजलेलं चामडं काढून नवं चिकटवायचं, ही त्यांची कामं. सभासद त्यांना मामा म्हणत. पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. काठी सरळ आहे की वाकडी, हे ते सांगायचे. चौतीस वर्षं सांगत आले होते.

त्याची एक रीत होती. स्पर्धेच्या आधी प्रत्येकानं आपली काठी आणून त्यांच्या हातात द्यायची. त्रिंबकराव खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे, टोपी मागे सारायचे, काठीचं जाड टोक गालाशी धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्या डोळ्यानं काठीच्या अंगावरून पार पुढच्या टोकापर्यंत बघायचे. मग एकच शब्द. "नीट," नाहीतर "वाकडी." त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. मोठे वकील, डॉक्टर, कारखानदार त्यांच्यापुढे परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे उभे राहायचे. मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खरं तर काठी तपासायची सोपी तऱ्हा कुणालाही ठाऊक असते. टेबलावर ठेवून लोळवायची. सरळ असली तर शांत लोळते, वाकडी असली तर मधेच अंग उचलते आणि खाली उजेड दिसतो. मी एकदा तसं करायला गेलो तर त्रिंबकरावांनी माझ्या हातातून काठी काढूनच घेतली.

"लोळवली की जमीन बी बोलती, सर. मंग काठीचं खरं का जमिनीचं, हे कसं कळणार?"

हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. फर्दापूरच्या बाजूला त्यांचं गाव. मेंढरं राखणारं घर. वडील धामणीच्या झाडाची काठी तोडून आणायचे आणि आठवडाभर रोज सकाळी तिच्यावरून नजर फिरवायचे. चुकार मेंढरू वळवायला काठी त्याच्या पुढ्यात फेकतात. ती वाकडी असली तर भलतीकडे जाते आणि जनावराचा पाय मोडतो. त्या खडकाळ माळावर काठी लोळवून काय कळणार होतं? म्हणून नजर. विशीतला त्रिंबक शहरात आला, क्लबात शिपाई म्हणून लागला, तेव्हा येताना एवढी एकच विद्या घेऊन आला.

मी भूमितीचा मास्तर. मला त्याच वेळी म्हणता आलं असतं की, बाबा रे, तुझ्या वडिलांची जमीन खाचखळग्यांची होती. इथं कापडाखाली दगडाची घोटीव लादी आहे, पाणसळ लावून बसवलेली. ही जमीन काही बोलायची नाही. पण मी गप्प बसलो आणि वर छान रेघा मारून पाटी लिहून दिली. पुढे जे झालं त्यात माझा हा वाटा आहे, आणि तो मी कुणावर ढकलणार नाही.

शालू त्यांची एकुलती एक मुलगी. पहाटेच बाप कापड झाडायला यायचा, त्याच्याबरोबर दहाव्या वर्षापासून ती यायची आणि सभासद येईपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावर खेळायची. मोठी झाल्यावर कधी आमच्याशी खेळली तर आम्हाला हरवणं तिच्या डाव्या हातचा मळ. डिप्लोमा करून ती वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत लागली. तयार होऊन आलेले दांडे आणि पिना मापात आहेत का ते बघायची. चोविसाव्या वर्षी तिला राज्याच्या महिला संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. चाचणी पुण्यात. पोरीनं स्वतःच्या पगारातून नवी काठी घेतली आणि चार महिने तिच्यावर हात बसवला.

निघायच्या आदल्या सकाळी रीतीप्रमाणे तिनं ती बापाच्या हातात दिली. मी बाकावर बसून चहा पीत होतो. त्रिंबकरावांनी टोपी मागे सारली, डावा डोळा मिटला, बघितलं.

"वाकडी."

शालूला वाटलं चेष्टा करतात. "आबा, नीट बघा ना. चार महिने हिच्यावरच खेळतेय मी."

"म्हणूनच तुझा हात वाकडीला शिकला. उद्या नेऊ नको ही. क्लबातली सात नंबरची ने. ती पयल्यापासनं नीट हाय."

ती क्षणभर बापाकडे बघत राहिली. मग आपली काठी पिशवीत घातली आणि सात नंबर घेतली. पुण्यात शेवटच्या डावात ती चार गुणांनी हरली. शेवटचा काळा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि समोरच्या मुलीनं तो आत घातला, असं तिच्यासोबत गेलेल्या मुलीनं सांगितलं. परक्या काठीनं तेवढं खेळणं हेसुद्धा थोर होतं, पण हरणं ते हरणंच.

परत आल्यावर तिनं सात नंबर जागेवर ठेवली आणि त्यानंतर क्लबात पाऊल टाकलं नाही. शिफ्ट बदलली, एवढंच सांगितलं. तिची स्वतःची काठी जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर गेली. घरात बापाशी बोलणं म्हणजे जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, इतकंच.

"हार पचंना तिला," त्रिंबकराव मला म्हणायचे. "व्हईल नीट." असं म्हणत त्यांनी सव्वा वर्ष काढलं. हा माणूस बोलका कधीच नव्हता, पण त्या वर्षात अगदीच मिटला.

त्याच वर्षात क्लबात वाकड्या काठ्यांची साथच आली. एरवी वर्षाला दोन-तीन निघायच्या, त्या वर्षी अकरा निघाल्या. त्यातली एक माझी. मुलानं वाढदिवसाला दिलेली, कोरी करकरीत. "वाकडी," म्हणाले. आमचे सेक्रेटरी काकासाहेब मोठ्यानं हसले, "सर, आजवर नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणत होता, आता खरंच वाकडं निघालं!" मला राग यायला हवा होता, पण खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. हरायला एक सज्जड कारण मिळालं. काठी घरी नेली, ती बायकोनं गॅलरीतल्या उंच दोरीवर कपडे टाकायला घेतली.

मग त्रिंबकरावांनी काकासाहेबांना सांगितलं की टेबलाची लांब कड फुगलीय. कारागीर आला, त्यानं दोरी ताणून बघितलं, कड सरळ होती. "दोरीच सैल व्हती त्याची," त्रिंबकराव म्हणाले.

आणि एका दुपारी ते माझ्या पाटीसमोर उभे राहिले. "सर, पाटी नवी करा. मधली अक्षरं खाली घसरलीत."

आता मात्र मला झोंबलं. मी आयुष्यात फळ्यावर तिरकी ओळ लिहिलेली नाही. तणतणत गुणफलकाजवळची पट्टी आणली, स्टुलावर चढलो, पट्टी अक्षरांच्या खाली धरली. एक केसभर फरक नव्हता. तोंड उघडणार होतो, आणि एकदम कसलीशी भीती वाटली.

"त्रिंबकराव, फरशीच्या रेघा कशा दिसतात तुम्हाला?"

"त्या बी हालत्यात पाण्यावानी. बांधकामच कच्चं हाय इथलं."

"आणि दाराची चौकट?"

"ती तर मधी पोटात गेली. वरीस झालं." ते माझ्याकडे बघत राहिले. "का ओ?"

कड फुगली, चौकट गेली, फरशी हलली, अक्षरं घसरली. या माणसानं अख्ख्या दुनियेवर संशय घेतला होता. स्वतःच्या डोळ्यावर घ्यायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं. डाव्या डोळ्यात लहानपणी बाभळीचा काटा गेलेला, त्यातून धुरकटच दिसायचं. जे काही होतं ते उजव्यावर.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चौकटी आखलेला एक कागद पुढे धरला, मध्ये ठिपका. "ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

"वाकड्या. मधी तर गुतून गेल्यात. कागद खराब हाय तुमचा."

डॉक्टरीणबाईंनी तो कागद माझ्या हातात दिला. मी बघितला. पाचवीच्या वहीतल्या असतात तशा चौकटी होत्या. त्रिंबकराव माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला तोंड लपवता आलं नाही.

बाई समजुतीनं बोलल्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयानं खराब होतो, तिथं पाणी साचतं, सरळ गोष्टी वाकड्या दिसतात. इंजेक्शनं घेतली तर आहे तेवढं टिकेल. गेलंय ते बहुधा परत येणार नाही. "सुरुवात होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असावं," त्या म्हणाल्या.

रिक्षात त्रिंबकराव घराचं नाव काढेनात. "क्लबात चला," एवढंच म्हणाले. दुपारची वेळ, खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी सात नंबरची काठी काढली, खिडकीकडे तोंड केलं, गालाशी धरली. मग हळूहळू बोटांत फिरवायला लागले. बराच वेळ फिरवत होते.

"सर, काठीतला वाक काठीसंगं फिरतो," ते डोळा न काढता म्हणाले. "डावीकडचा वाक वर येतो, मंग उजवीकडं जातो. हा बघा, मी फिरवू लागलो अन् हा तिथंच बसलाय. जागचा हालत नाय. म्हंजी तो काठीत नाय. तो माझ्यात हाय."

त्यांनी काठी खाली ठेवली आणि बाकावर बसले.

"बाप म्हणायचा, तीनदा फिरवल्याबिगर तोंड उघडू नको. पयले मी तीनदा फिरवायचो. मंग नाव झालं. मामानं बघितलं म्हंजी झालं, असं लोकं म्हणू लागले. तवापासून मी एकदाच बघायचो अन् बोलून मोकळा व्हायचो. त्या दिशी फिरवली असती तर तिथंच कळलं असतं."

कुठला दिवस ते विचारायची गरज नव्हती.

"शालूची काठी नीट व्हती, सर."

मी त्या वेळी जो सल्ला दिला त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आता ते उकरून काय होणार? चाचणी तर गेली. तिला सांगितलंच पाहिजे असं थोडंच आहे?"

त्यांनी मान हलवली. "माझ्यापाशी दुसरं हाय काय? शिक्षण नाय, जमीन नाय. एक नजर व्हती. घरात माझी इज्जत त्या नजरेची. पोरगी रुसली, पण तिनं माझा शब्द मोडला नाय. क्लबाची काठी घेऊन गेली अन् हरली. आता मी तिला सांगू का तो शब्दच फुकट व्हता? सांगितलं तर घरात मी कोण ऱ्हातो? अन् नाय सांगितलं तर मंग मी खोटाच की."

दोन आठवडे ते या दोन्हींच्या मध्ये उभे होते. पहिलं इंजेक्शन झालं. घरी सांगितलं, डोळ्यात कचरा गेलाय. मग एका रविवारी सकाळी माझ्या दारात आले. "सर, चला संगं. एकट्याला जमायचं नाय."

पुंडलिकनगरात पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. बानाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा टाकला. शालू दारात आली, मला "या सर" म्हणाली, बापाकडे बघितलं नाही. त्रिंबकरावांनी स्टूल ओढलं आणि कपाटावरचं गाठोडं स्वतः काढायला लागले. मी म्हटलं पडाल, पण ते ऐकण्यातले नव्हते. लुगड्याची घडी सोडली, काठी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि उभ्यानंच बोलले, क्लबात निकाल सांगायचे तसे.

"शालू, ही नीट व्हती. तवा बी नीट व्हती. माझा डोळा वाकडा झालाय. डाक्टरनं सांगितलं. मी तीनदा फिरवायचं सोडलं अन् तुझं वाटोळं केलं. मला माफ कर असं मी म्हणत नाय. तुला ठावं असावं म्हणून सांगितलं."

बानाबाई चहाचं भांडं धरून उंबऱ्यातच थांबल्या. शालूनं आधी काठीकडे बघितलं. मग म्हणाली, "ती सरळ आहे, हे मला माहीत होतं."

त्रिंबकरावांना ते कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमच्याकडं ग्रॅनाइटची सपाट प्लेट असते, दांडे तपासायला," ती सांगायला लागली. "पुण्याहून आल्यावर मी ही काठी कंपनीत नेली. जेवणाच्या सुट्टीत त्या प्लेटवर लोळवली. सगळीकडून लोळवली. कुठंच उचलत नव्हती."

"मंग बोलली का नायस?"

"काय बोलणार? चाचणीच्याच आठवड्यात फर्दापूरचे पाहुणे मला बघायला यायचे होते. आई रोज म्हणत होती, पाहुणे येऊ लागलेत अन् पोरगी चालली गोट्या खेळायला. तुम्ही हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता. मला वाटलं, तोंडानं जाऊ नको म्हणता येईना, म्हणून तुम्ही ते काठीवर घातलं. मी हरावं आणि मुकाट्यानं घरी यावं म्हणून."

ते पाहुणे आले होते, पोहे खाऊन गेले होते आणि ते स्थळ पुढे सरकलंही नव्हतं. कुणाच्या ध्यानात तरी होतं का ते? हिच्या मात्र मनात सव्वा वर्ष ते असं बसलं होतं.

"तू मला लबाड समजलीस?" त्रिंबकराव म्हणाले. "वरीसभर?"

"तुमचा डोळा चुकेल हे माझ्या मनातच आलं नाही, आबा." ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. तुम्ही खोटं बोललात, हे मला पटलं. डोळा चुकला, हे सुचलंसुद्धा नाही."

ज्या नजरेचा त्यांना एवढा अभिमान, तिच्यावरच्या भरवशानंच बाप लेकीच्या लेखी खोटा ठरला होता. तिनं थोडा कमी विश्वास ठेवला असता तर दुसऱ्याच दिवशी विचारलं असतं आणि डोळाही कदाचित वेळेवर डॉक्टरीणबाईंकडे गेला असता.

त्रिंबकरावांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना बिनटोपीचं कधी बघितलं नव्हतं. "खोटं नाय बोललो, पोरी," ते म्हणाले. "आंधळं बोललो."

शालूनं पुढे होऊन काठी त्यांच्या हातातून घेतली, भिंतीला उभी केली आणि त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं. हनुवटी धरून त्यांचा उजवा डोळा उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली. कंपनीत दांडा बघत असेल तशी.

"दुसरं इंजेक्शन कधी आहे?"

"पुढच्या गुरुवारी."

"मी सुट्टी टाकते."

बानाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

पुढच्या रविवारी क्लबाची स्पर्धा होती. सगळे आपापल्या काठ्या घेऊन जमले. त्रिंबकराव खिडकीकडे न जाता भिंतीकडे गेले आणि मला म्हणाले, "सर, पाटी उतरवा." मी उतरवली. मग सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं: दीड वर्षात ज्यांच्या ज्यांच्या काठ्या वाकड्या म्हटल्या त्यांनी त्या परत आणा, डोळा माझा खराब हाय. अकराही नावं त्यांना पाठ होती. काकासाहेबांनी सुरुवातीला थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला, पण कुणी हसलं नाही. मी माझी काठी दोरीखालून घेऊन येईन म्हटलं. "सर, तुमची बी नीट व्हती," ते म्हणाले. मी म्हटलं, मी कसाही हरलोच असतो, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

शालू दारात उभी होती. सव्वा वर्षानं आली होती, हातात तिची काठी. त्रिंबकरावांनी हात पुढे केला. काठी घेऊन टेबलावर आडवी ठेवली, दोन्ही डोळे मिटले आणि तळहात तिच्यावर टेकला.

"बाप म्हणायचा, लोळवली की जमीन बी बोलती," ते म्हणाले. "बोलू द्या. हितली जमीन खोटं बोलत नाय."

तळहाताखाली काठी पुढे लोळायला लागली. आम्ही वीसेक जण होतो, पण कापडावरून लाकूड जाण्याचा तेवढा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. काठी कुठंही अंग न उचलता टेबलाच्या मधोमध येऊन थांबली. त्रिंबकरावांनी डोळे उघडले.

"नीट," ते म्हणाले आणि काठी शालूपुढे केली.

तिनं हात मागेच ठेवले होते. डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं अगदी कोरडं.

"एकदाच झालं, आबा. तीनदा."

त्रिंबकरावांनी काठी परत टेबलावर ठेवली.